ब्रेकला हात लावला त्यानं पुढे बसायचं

माझे उस्ताद बाबू मेस्त्री यांनी मला इंजिन शिकवलं, गिअरबॉक्स शिकवला, शिव्याही शिकवल्या. पण नियम म्हणून एकच दिला. ज्यानं ब्रेकला हात लावला, त्यानं पहिल्या उताराला गाडीत पुढे बसायचं. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते आणि ब्रेक बिघडला तर थांबत नाही, एवढाच काय तो फरक, असं ते म्हणायचे. ब्रेकचं काम करून गिऱ्हाइकाला हात हलवून निरोप देणारा मेस्त्री त्यांच्या लेखी मेस्त्रीच नव्हता.

कामशेतला पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. आता ते पुतण्या बघतो. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या चुका काढतो; ब्रेकचं काम मात्र अजून मीच करतो. नव्या गाड्या आमच्याकडे कधीच फारशा आल्या नाहीत. आमच्याकडे यायच्या त्या जुन्या, दुसऱ्यातिसऱ्या हातातल्या, मालकासारख्याच कुरकुरणाऱ्या. त्यामुळे उस्तादांचा नियम पाळताना मी मावळातले बहुतेक उतार जीव मुठीत धरून पाहिले आहेत.

मळवलीला एका बंगल्याचे मुंबईकर मालक होते. त्यांची जुनी गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली झोपायची आणि ते आले की बाहेर निघायची. एकदा मला म्हणाले, "सलीमभाई, यंदा ब्रेक किती मऊ झालाय बघा. नुसता पाय ठेवला की लोण्यासारखा आत जातो." ब्रेक मऊ झाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, "साहेब, लोणी भाकरीवर चांगलं, पायाखाली नाही." त्यांची किल्ली मी काढून घेतली. ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, मग खंडाळ्यापर्यंत माझ्याशेजारी बसून आले आणि स्वतःच हसायला लागले.

हा मऊपणा म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही पॅडल दाबता, तेव्हा बारीक नळ्यांमधून ब्रेकचं तेल चाकापर्यंत ढकललं जातं आणि ते चाकाला आवळतं. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो. नळीत हवा शिरली की मात्र घोटाळा. हवा दबते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबून बघा, तो उसळी मारतो. पॅडल तसंच लागतं. मग एकानं पॅडल मारायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक नटासारखं निपल सैल करून हवा बाहेर सोडायची. दाब, धर, सोड. हे सोपं आहे. अवघड असतं ते हवा आत आली कुठून हे शोधणं.

आता दत्तूच्या जीपची गोष्ट सांगतो. ती सांगायला मी फार वर्षं थांबलो नाही, अलीकडचीच आहे. पण तो उतार आठवला की अजून माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो.

दत्तू लोहगडवाडीचा. मळवली स्टेशनावर उतरलेली गडावर जाणारी मंडळी भरायची, भाजे गावावरून घाट चढून वाडीत सोडायची, संध्याकाळी खाली आणायची, हा त्याचा धंदा. जीप जुनी, पण पोरगा सरळ. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी तोंडावर होती. सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायची वेळ. तेवढ्यात एका रविवारी उतरताना त्याचं पॅडल बसलं. गाडी भरलेली होती. त्यानं डोकं शाबूत ठेवून जीप डोंगराच्या बाजूच्या चरात घातली, म्हणून कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण बातमी त्याच्याआधी खाली पोचली. दत्तू पिऊन चालवतो, असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले.

स्टेशनावर जीपवाल्यांची लाईन लागते. लाईनीतले जुनेजाणते अंकुशराव दत्तूला घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी पोराच्या तोंडावरच सांगितलं, "सलीमभाई, आमचं ह्याच्याशी वैर न्हाई. पन एक गाडी दरीत गेली तर समद्यांचा धंदा बसंल, अन मानसं जातील ते येगळंच. तुमी हिच्यात बसून वाडीवरून खाली आला, अन बरोबर हाय म्हनला, तरच ही लाईनीत लागंल."

दत्तू मान खाली घालून उभा होता. त्याच्या घरात ती जीप सोडून दुसरा आधार नव्हता. थोडी भातखाचरं, ती वर्षाचं खाण्यापुरती. मला म्हणाला, "भाई, म्या थेंबाला शिवत न्हाई. पायडल गेलं. खरंच गेलं."

मी पॅडल दाबून बघितलं. मऊ होतं. दोनतीनदा मारलं की वर यायचं, म्हणजे हवा. चारी चाकं खोलली. कुठे गळती नाही, नळ्या कोरड्या. हवा काढली, काळपट तेल निघालं. जुन्या गाडीत काळंच निघतं. बॉनेटखाली ब्रेकच्या तेलाची डबी असते, तिच्यात नवीन तेल टाकलं. तेवढ्यात एक गोष्ट मनाला टोचली. चाकाला आवळणारे पुढचे पॅड बरेच झिजलेले होते. पॅड झिजले की डबीतलं तेल हळूहळू खाली जातं; ही डबी मी हात लावायच्या आधीच काठोकाठ भरलेली होती. मी विचारलं, "दत्तू, तेल कुणी टाकलं होतं का?" तो म्हणाला, "न्हाई, भाई." मी पुढे खोदलं नाही, कारण पॅडल आता दगडासारखं घट्ट झालं होतं आणि घट्ट पॅडल मेस्त्रीला जरा आंधळं करतं.

नियमाप्रमाणे मी पुढे बसलो. गाडीत आम्ही दोघंच. घाट चढून वाडीत पोचलो, तेव्हा दत्तूचे वडील, आबा, अंगणात पेंढा रचत होते. वाळलेल्या बाभळीसारखा म्हातारा. त्यांनी मला बघून हात जोडले, गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. ते तिच्यात कधी बसत नसत. दत्तू कितीदा म्हणायचा, पण त्यांचं एकच, "म्होरची शीट गिऱ्हाइकाची हाय. म्या चालत जाईन."

चहा घेताना मला वास आला. जळका, रबरासारखा. मला वाटलं क्लच असेल; चढाला क्लच तापतोच. चाकाजवळ हात नेला तर झळ लागली. तेव्हाच थांबायला हवं होतं. चढाला कोण ब्रेक मारतो? ब्रेक न मारता चाक तापलंय, म्हणजे ब्रेक आतल्या आत धरून बसलाय. हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात वाक्य पुरं व्हायच्या आत दत्तूनं गाडी सुरू केली आणि मी चढून बसलो.

वाडीपासून थोडं खाली आलं की रस्ता एकदम तोंड खाली करतो. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्यावर लागला, पण पॅडल खोल गेलं. मला दत्तूच्या गुडघ्यावरून कळलं. तिसऱ्या वळणाआधी त्याचा पाय फळीला टेकला.

"भाई, गेलं."

इतकं हळू म्हणाला की मला आधी ऐकूच आलं नाही. समोर वळण, वळणापलीकडे नुसतं आभाळ. मी घाबरलो, अगदी साफ सांगतो, घाबरलो. पण उस्तादांनी एक शिकवलं होतं, घाटात ओरडलं की शेजारचा हात सोडतो. मी आवाज खाली ठेवला.

"पाय मारत राहा. सोड-मार, सोड-मार. दुसऱ्यात टाक."

गिअर करकरला, पडला. गाडीनं नाक खाली केलं, पण वेग अजून होता. हँडब्रेक माझ्या हाताशी होता. त्याची ओढ तेलावर नसते, तारेवर असते. तेल दगा देतं तेव्हा तोच सोबती. पण एकदम ओढला तर मागची चाकं सरकतात आणि गाडी आडवी होते. मी बटण दाबून धरलं आणि ओढ-सोड, ओढ-सोड करत राहिलो.

"डावीकडं घे. डोंगराला घास. घास म्हणतो ना!"

"गाडी जाईल, भाई!"

"जाऊ दे गाडी."

पत्र्याचा दगडावर घासल्याचा आवाज आला, माझ्या बाजूचा आरसा तुटून मागे उडाला. जीप हिसके देत, खरडत गेली आणि वळणाच्या जरा अलीकडे थांबली. मी उतरून पहिल्यांदा चाकाला दगड लावला, मग दगडावर बसलो. दत्तू उतरलाच नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता.

आवाज ऐकून वाडीतली चारपाच माणसं धावत आली. आबा सगळ्यांच्या मागे, हातात पाण्याची कळशी. म्हाताऱ्याला धाप लागली होती. त्यांनी आधी पोराच्या पाठीवर हात ठेवला, मग मला पाणी दिलं.

चाकं इतकी तापली होती की पाण्याचा थेंब चुरकन उडून जाई. आम्ही थांबलो. चाकं निवली आणि दत्तूनं सहज पाय ठेवला, तर पॅडल परत वर आलेलं. मला सगळं तिथेच कळलं. चाक आतून धरलं जातंय, त्यानं तापतंय, तापलं की आतलं तेल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गार झालं की वाफेचं परत तेल, मागे थोडी हवा राहते तेवढीच. म्हणून गॅरेजात हवा काढली की पॅडल शहाणं आणि घाटात वेडं.

पण धरतंय कशानं? मी बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आत रबराची वाटी असते. ती फुगून, पाण्यात राहिलेल्या पावासारखी लिबलिबीत झाली होती. डबीतलं तेल बोटावर घेतलं, चोळलं. ब्रेकचं तेल असं बुळबुळत नाही.

"कुणीतरी पेल्यात पाणी द्या," मी म्हटलं.

शेजारच्या झोपडीतल्या बाईनं, जी गडावर येणाऱ्यांना सरबत विकते, तिनं काचेचा पेला भरून आणला. हे आमच्या धंद्यातलं जुनं आणि साधं परीक्षण आहे. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं. मी डबीच्या वरच्या थरातले थेंब पेल्यात सोडले. ते पिवळसर डोळे होऊन पाण्यावर तरंगत राहिले. रश्श्यावर तर्री यावी तसे. सगळे वाकून बघत होते.

"हे इंजिनचं तेल आहे," मी म्हटलं. "ब्रेकचं रबर याला शिवलं की फुगतं. फुगलं की चाक सोडत नाही. ही हलकी जात, थोडी खाली उतरली आणि बाकीची वरच तरंगत राहिली. मी खालून हवा काढली, वर नवं ओतलं, आणि ही तिथेच बसून राहिली."

दत्तूचं रडणं थांबलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "कोनी टाकलं?" तो म्हणाला. मग स्वतःच, "लाईनवाल्यांनी. माझा नंबर नको त्येंना. म्हनून पिऊन चालवतो म्हनत व्हते." सीटखालची लोखंडी टामी काढून तो उताराला लागलाही. दोघांनी त्याला धरलं, तर त्यांना ढकलून दिलं. खाली स्टेशनावर अंकुशराव आमची वाट बघत बसले असणार, हे मला दिसत होतं. टामी घेऊन हा पोरगा तिथे पोचला तर ब्रेकमुळे मेला नाही तो माणूस असा मरायचा.

मी हातातल्या झाकणाकडे बघितलं. वरच्या बाजूला, धूळ आणि चिकटपणाच्या खाली, बोटाएवढा लाल-पिवळा ठिपका होता. हळद आणि कुंकू. खंडेनवमीला आमच्या गॅरेजातही पान्यांना झेंडूची फुलं लागतात, हळदकुंकू लागतं. मी मुलाणी असलो तरी ते मीच लावतो, हत्यार हत्यारच असतं. पण बॉनेट उघडून ब्रेकच्या डबीला हळदकुंकू लावणारा शत्रू मी आजवर पाहिला नव्हता.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं झाकण पाहिलं होतं. कळशी खाली ठेवून ते म्हणाले, "दत्तू, हिकडं ये. त्येंच्या अंगावर जाऊ नगंस. म्या पाजलंय."

दत्तू वळला. आबा सांगू लागले.

"खांडेनवमीला गाडी धुतली. समद्या जागी हळदकुकू लावलं. ती डबी उघडून बघितली तर रिती दिसली. निम्मी बी न्हवती. मला वाटलं, पोरगं राबवतंय, तेल द्याया इसरलं. घरात तुजा तो तेलाचा डबा व्हता. आमच्या बैलगाडीला सनाला वंगन दिल्याबिगर म्या कंदी जू ठिवलं न्हाई." त्यांनी चाकाकडे बघितलं. "तेल दिल्यावर चाक गप व्हतं. हिनं तर चाकच धरलं, रं."

दत्तूच्या हातातून टामी गळाली. बापाला बोलावं की त्याच्या गळ्यात पडावं हे त्याला कळेना. मलाही कळेना. एकदा भरल्या गाडीतल्या माणसांचा आणि एकदा आम्हा दोघांचा जीव जाता जाता राहिला होता. आणि तो घालवायला निघाली होती माया. रागवायचं कुणावर? मी झाकण पुसलं आणि फक्त म्हटलं, "आबा, ती डबी तहानलेली नव्हती. पॅड झिजले की ती तशीच दिसते."

"मला काय ठावं," आबा म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले.

जीप खाली आणताना मागून ट्रॅक्टर बांधला, म्हणजे ती पुढे पळू नये. मळवलीला अंकुशराव उभे होते. दत्तू त्यांच्या नजरेला नजर देईना. मी पेल्याची गोष्ट सांगितली, आबांची सांगितली. ते म्हणाले, "म्हातारं कसं हाय?" त्या दिवसापासून दारूचा विषय कुणी काढला नाही.

अशा कामात हातचं राखून चालत नाही. तेल शिरलं तिथे तिथे रबर बदललं: पॅडलपाशी तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर, चारी चाकं, लवचिक नळ्या, सगळं. लोखंडी नळ्या स्पिरिटनं धुतल्या. आबा रोज कामशेतला यायचे आणि जुन्या टायरवर बसून बघायचे. एकदा मी जुनं रबर आणि नवं रबर त्यांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्ही दाबून बघितली, वास घेतला. "येवडंसं," म्हणाले. मग उस्तादांचा नियम त्यांनी मला दोनदा विचारून घेतला. मला वाटलं, म्हातारा गप्पा मारतोय.

काम झालं. जीप वाडीत चढवली. वर पोचल्यावर मी चारी चाकांना हात लावला, गार होती. तोच उतार, तेच वळण. अंकुशरावही मुद्दाम बरोबर आले होते, ते मागे चढून बसले. मी पुढचं दार उघडायला गेलो, तर आबा आधीच दाराशी उभे. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी.

"आबा, सरा," दत्तू म्हणाला. "भाईंची जागा हाय."

"ज्यानं ब्रेकला हात लावला त्यानं म्होरं बसायचं. सलीमनंच सांगितलंय," आबा म्हणाले. "हात म्या बी लावलाय." म्हणता म्हणता ते चढून बसले.

"आबा, उतरा. काय झालं तर—"

"काय झालं तर म्या म्होरं असाया पायजे."

दत्तूनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती. माझ्या कामावर विश्वास असेल तर मी बसू देणार, नसेल तर उतरवणार. मी मागचं दार उघडलं आणि अंकुशरावांशेजारी बसलो. पुढच्या सीटवर बसलो नाही असं ब्रेकच्या कामानंतर पहिल्यांदाच झालं.

गाडी निघाली. आबांनी दोन्ही हात समोरच्या फळीवर रोवले होते आणि मान ताठ. पहिलं वळण. दत्तूचा गुडघा थोडासाच खाली गेला. दुसरं वळण. अंकुशराव पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते, मीही. तिसऱ्या वळणाआधी, जिथे दगडावर आमच्या पत्र्याचा रंग अजून लागलेला होता, तिथे आबा म्हणाले, "थांबीव."

दत्तूनं पाय ठेवला. जीप थांबली. नुसती थांबली, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर माणूस थांबतो तशी.

आबा उतरले. पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि तापकरी पोराचं कपाळ बघावं तसा हाताचा पालथा पंजा चाकाला लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग दुसऱ्या चाकाशी गेले.

"कोमट हाय," ते म्हणाले. "ताप न्हाई."

दत्तूनं मान वळवून दरीकडे बघितलं, कारण बापासमोर त्याला डोळे पुसायचे नव्हते. आबांनी पुढचं दार बाहेरून लावलं, मागे आले आणि आमच्या दोघांच्या मध्ये जागा करून बसले.

"आबा, पुढे बसा की," मी म्हटलं.

"झालं आता," आबा म्हणाले. "म्होरची शीट गिऱ्हाइकाची हाय."